आप्पांची दाढ आणि उपरण्याखालचा सौदा

दाढ दुखणारं गिऱ्हाईक ओळखायला मला कधी विचारावं लागलं नाही. ताप आलेला माणूस दुकानात शिरला की आधी बाकावर बसतो, पोट बिघडलेला पाणी मागतो आणि खोकला झालेला आपला खोकून दाखवतो. दाढवाला मात्र काउंटरवर कोपर टेकतो, गालावर हात ठेवतो आणि ती दाढ मीच त्याच्या तोंडात बसवल्यासारखा माझ्याकडे बघतो. "दाढंची गोळी द्या," एवढंच बोलतो. जास्त बोललं की हवा लागते.

शिरूरला एसटी स्टँडजवळ आमचं मेडिकल होतं. माझं माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. फार्मसीचा डिप्लोमा झाला, लग्न झालं आणि शिरूरला आले ती थेट काउंटरच्या मागेच उभी राहिले. लायसन्स माझ्या नावावर आणि माल आणायची धावपळ यजमानांकडे, अशी आमची वाटणी. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये बाई दिसली की लोक आत डोकावून म्हणत, "ताई, मालकांना बोलवा." मी म्हणायची, "आलेत. बोला." ते मागे वळून मालकांना शोधत बसायचे.

दाढदुखीत आमच्या धंद्याचं काम खरं तर अगदी थोडं असतं. चिठ्ठीशिवाय देता येतं ते म्हणजे लवंगेचं तेल, कापूस, साधी दुखण्यावरची गोळी आणि गुळण्यांचं औषध. डॉक्टरकडे पोचेपर्यंत माणूस तगवायचा, इतकंच. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. तेलाचा थेंब कापसाला लावून तो दाढेत ठेवा, हिरडीला चोळू नका. गोळी काहीतरी खाऊन पाण्याबरोबर गिळा. एवढ्याच सूचना मी आयुष्यभर दिल्या आणि एवढ्याच कुणी पाळल्या नाहीत. सणसवाडीच्या कंपनीत कामाला असलेल्या बिहारच्या एका पोरानं अख्खी बाटली हिरड्या, जीभ, ओठ सगळ्याला चोळली आणि परत येऊन म्हणाला, "दीदी, दाँत तो ठीक है, लेकिन मुँह कहाँ गया, पता नहीं चल रहा." शिक्रापूरच्या एका ट्रक ड्रायव्हरनं तर बॅटरीतलं पाणी लावून बघितलं होतं. त्याला मी दुकानात उभंसुद्धा केलं नाही, तसाच सरकारी दवाखान्यात पिटाळला.

आणखी एक गोम असते. गोळीनं दुखायचं थांबलं की माणूस डॉक्टरला विसरतो. दाढ आतून किडतच राहते, पण ओरडत नाही म्हणून हा खूश. मग दोन महिन्यांनी तोच माणूस, तीच दाढ, तोच गालावरचा हात. माझ्या गल्ल्याला ते बरं होतं, पण मला ते बघवत नसे.

गेनबाआप्पा या सगळ्यांचे मुकुटमणी.

आप्पा इनामगावकडचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आप्पांनी बैल धरले. बैल पाळायला नव्हे, विकायला. आमच्याकडे बैलांच्या दलालाला हेडी म्हणतात, आणि आप्पा पंचक्रोशीतले नावाजलेले हेडी. चाकण, बेल्हे, कुठलाही बाजार असो, पांढरं धोतर, तांबडं मुंडासं आणि खांद्यावर कधीकाळी पांढरं असलेलं उपरणं, अशी ती मूर्ती तिथे असायचीच. बैलाच्या जबड्याच्या कडेला अंगठा घालायचा, ओठ वर करायचा आणि एका नजरेत वय सांगायचं. पक्का दात अजून आलाच नाही तो आदत. त्याला भाव सगळ्यात चढा. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात भरले की जुळलेला. त्याच्या पुढे दात झिजतात, हलतात, आणि बैलाकडे गिऱ्हाईक फिरकत नाही.

सौदा ठरतो तो तोंडानं नाही. देणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली तो आकडा. भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. मग हेडी बैलाचं दावं घेणाऱ्याच्या हातात देतो. दावं हातात गेलं की सौदा पक्का. नंतर बैल लंगडा निघो की मारका, मागे फिरायचं नाही. आप्पांनी आयुष्यात एकही सौदा मोडला नव्हता, आणि हे ते माणसाला पहिल्या भेटीतच सांगत.

एसटीची वाट बघायला ते आमच्या बाकावर बसत. बसल्या बसल्या गिऱ्हाइकांची तोंडं बघत. एकदा एक गृहस्थ केसांचा काळा रंग घ्यायला आले. माझ्याशी हसून बोलत होते. आप्पा मागून म्हणाले, "रंग कशाला लावताय, पाव्हणं? जुळून पंधरा वर्सं झाल्यात की!" गृहस्थ रंग न घेताच गेले. मी आप्पांवर रागावले, तर म्हणाले, "म्या खोटं बोललो का?" खोटं नव्हतंच, तीच तर अडचण होती.

तर असे हे जगाच्या जबड्यात अंगठा घालणारे आप्पा एक दिवस काउंटरला कोपर टेकून उभे राहिले. गालावर हात.

"आमच्या मंडळींची दाढ दुखतीया. गोळी दे पोरी."

"मंडळींची?"

"व्हय."

"मग गाल तुमचा कसा सुजलाय?"

"काळजीनं," आप्पा म्हणाले.

मी गोळी दिली, गुळण्या सांगितल्या, दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी आप्पा परत हजर. खालच्या हिरडीवर पांढरा चट्टा पडला होता. ओठ जरासा हलला तेव्हा मला दिसला. मी विचारलं, "मंडळींनी गोळी गिळली ना?"

"गिळू कशाला? दुखतंय दाढंत आन् गोळी धाडायची पोटात? पोटानं काय घोडं मारलंय? दाढंतच दाबून धरली."

गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तातून दाढेपर्यंत, हे मी त्यांना समजावून सांगितलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई लांबचा फेरा हाय. जवळची वाट सोडून?" त्या जवळच्या वाटेनं हिरडी भाजून निघाली होती.

त्यानंतर त्यांनी तंबाखू दाबून पाहिली. रुईचा चीक लावून पाहिला, त्यानं दाढेचा एक टवका निघाला. मग आठवडे बाजारात एक बाई रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची, तिच्याकडे गेले. बिया निखाऱ्यावर टाकायच्या, नळीनं तोंडात धूर घ्यायचा आणि खाली पाण्याच्या ताटलीत किडे पडतात, असा तो कार्यक्रम. आप्पा जिंकून आल्यासारखे दुकानात आले.

"किडं पडलं!"

"आप्पा, ते किडे नसतात. त्या बियांमधलेच कोंब असतात."

"कोंब आसू दे न्हाईतर किडं. पडलं का न्हाई?"

"दुखायचं थांबलं का?"

यावर ते बाकावर जाऊन बसले. "मंडळींचं" हे सोंग एव्हाना गळून पडलं होतं. मी मीठ घालून कोमट पाणी दिलं, त्यांनी मोरीवर जाऊन चूळ भरली आणि गालावरचा हात न काढता, रस्त्याकडे बघत बोलू लागले. आप्पा इतकं सरळ बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ही दाढ काढली की बाजूची हालणार. मग तिच्या बाजूची. मला ठावं हाय, म्या लई जबडं बघितल्यात. दात गेलेल्या बैलाला बाजारात कोण इचारतंय, पोरी? उंद्या म्या बोळकं घिऊन हुभा ऱ्हायलो तर माझ्या हातात दावं कोण देईल? पोरं म्हंतील, म्हातारा खपला. बाजार सुटला तर म्या घरी बसून करू काय?"

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांना हट्टी म्हातारा समजत होते. हट्टी ते होतेच, पण घाबरलेलेही होते. दाढेला नव्हे, बाजाराला. मी म्हटलं, "आप्पा, तुमची नजर काय तुमच्या दातांत आहे का?" ते म्हणाले, "बाजाराला नजर दिसत न्हाई. त्याला तोंड दिसतं." आणि गोळी घेऊन गेले.

मग काही दिवस आप्पा दिसलेच नाहीत. आले ते एका दुपारी. सूज गालावरून हनुवटीच्या खाली उतरली होती. अंगात ताप. तोंड जेमतेम एक बोट जाईल इतकंच उघडत होतं. लाळ गिळतानासुद्धा डोळे मिटत होते. दाढेचा पू असा खाली गळ्याकडे सरकला की श्वास अडकू शकतो, हे आम्हाला शिकवताना सरांनी दोनदा सांगितलं होतं. आता लवंग तेलाचं काम नव्हतं, आणि माझंही नव्हतं.

आप्पांनी हातानं खूण केली: जास्त जोराची गोळी.

"गोळी मिळणार नाही. डॉक्टरकडे चला. आत्ता."

आप्पांनी मान हलवली. दातातल्या दातात कसंबसं पुटपुटले, "शिरूरच्या डाक्टरकडं समदा बाजार येतो."

"मग दौंडला चला. माझ्या माहेरी. तिथं तुम्हाला कोण ओळखतंय? तिथले डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे आहेत, मी स्वतः येते."

नाही म्हणजे नाही. मी ओरडले, विनवण्या केल्या. आप्पांनी बोलायचा प्रयत्न सोडून दिला आणि सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढून काउंटरवर पसरलं. त्याखाली हात घातला आणि मला भुवईनं खुणावलं. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी हात मागे घेतला. बाईमाणसाशी उपरण्याखाली सौदा! तो आजवर कुठल्या बाजारात झाला नव्हता.

मी म्हटलं, "मी लेकीसारखी आहे, आप्पा. घाला हात."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हात घातला. मीही घातला. ताप चढलेला तो खरखरीत पंजा माझ्या हातात आला तेव्हा माझा राग पार मावळला. आप्पांनी माझी सगळी बोटं मुठीत धरली. म्हणजे अख्खी पट्टी हवी.

मी म्हटलं, "माझं ऐका. गोळ्या मिळतील, पण सोबत दौंडची खेप. आता बोला." आणि त्यांचं एक बोट धरलं.

आप्पांचे डोळे चमकले. एक? अख्ख्या पट्टीची एक? ही मुलगी त्यांना भाव पाडायला शिकवणार? त्यांनी चार बोटं धरली. मी एक. त्यांनी मान झटकली, माझा हात झिडकारला, उठून जायचं नाटक केलं, परत आले आणि तीन धरली. मी पुन्हा एकच. मला सौदा येत नव्हता, पण दुकानात रोज घासाघीस करणारी गिऱ्हाइकं माझ्या वाट्याला आलेली होती. शेवटी मी निराश झाल्यासारखा उसासा सोडला आणि दोन बोटं धरली. आप्पांनी माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. सौदा झाला! भाव दुप्पट वाढवून घेतल्याचा आनंद त्या सुजलेल्या चेहऱ्यावरही मावत नव्हता.

मी दोन गोळ्या कापून दिल्या. "गिळायच्या. आत्ता एक. आणि चला."

"कुठं?"

"दौंडला. सौद्यात होतं."

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. भावाच्या नादात सोबतची अट त्यांनी ऐकली आणि सोडून दिली होती. पण हात दाबला होता. त्यांनी उपरण्याखाली दिलेला शब्द आयुष्यात मोडला नव्हता, आणि तो आता एका मेडिकलवालीपायी मोडायचा म्हणजे मरणाहून वाईट. मग त्यांनी उपरण्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"घे," ते पुटपुटले. "दावं तुझ्या हातात."

तसेच आम्ही निघालो. यजमानांना दुकान बघायला सांगितलं, आणि शिरूरच्या स्टँडवर मी पुढे, हातात उपरण्याचं टोक, दुसरं टोक आप्पांच्या खांद्यावर, अशी आमची वरात एसटीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "काय आप्पा, इकलं का काय तुमास्नी?" आप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

दौंडला कोणी ओळखणार नाही, असं मी म्हटलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसतो न बसतो तोच समोरचा एक मनुष्य उठून उभा राहिला. "आप्पा? तुमी हितं?"

आप्पांनी तोंड उघडेल तेवढं उघडलं, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिची दाढ दुखतीया. सोबत आलोय."

झालं. तो मनुष्य मला सहानुभूती दाखवू लागला, आणि नंबर मी लावला होता म्हणून कंपाउंडरनं नाव पुकारलं तेही माझंच. आत गेल्यावर तरुण डॉक्टरांनी हसून खुर्चीकडे हात केला, "बसा ताई." मी दोन पावलं मागे सरले ती दरवाजाला जाऊन आदळले. "मी नाही! हे! हे!" डॉक्टर म्हणाले, "आलाच आहात तर तुमचेही बघून घेऊ का?" मी म्हटलं, "छे छे, माझे दात एकदम ठणठणीत आहेत." एवढं बोलायला मला एवढा आवाज का चढवावा लागला, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. आप्पा मात्र खुर्चीत बसता बसता माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते.

डॉक्टरांनी आप्पांना झापलं ते झापलंच. आणखी एखादा दिवस गेला असता तर थेट पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं आणि तिथंही काही सांगता आलं नसतं, म्हणाले. पू काढला, इंजेक्शनं दिली, मुक्कामाला ठेवून घेतलं. रात्री माझ्या आईनं पातळ पेज पाठवली. सूज उतरल्यावर पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आरसा घालून नीट बघितलं आणि चार बोटं वर करून दाखवली. चार काढाव्या लागतील.

आप्पा दचकले. चार या आकड्याला नव्हे, असा उघड्यावर आकडा दाखवण्याला. त्यांनी घाईघाईनं उपरणं काढून डॉक्टरांच्या हातावर टाकलं. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघू लागले. "घाला हात," मी म्हटलं, "नाहीतर तोंड उघडणार नाहीत." शिकलेल्या डॉक्टरांनी मुकाट्यानं हात घातला. घासाघीस झाली. डॉक्टर चारावरून हलेनात, आणि आप्पा एकावरून. शेवटी मीच हेडी झाले आणि तोड काढली: चारच जातील, पण एकदम नाही. आज सडलेली एक जाईल, ती सौद्याचा आगाऊ इसार म्हणून. बाकीच्या सवडीनं. दोघांनीही हात दाबले. मग डॉक्टरांनी पक्कड उचलली आणि आप्पांनी डोळे मिटून माझा हात धरला, या वेळी उपरण्याशिवायच.

आप्पांचंच खरं ठरलं. चार गेल्या आणि मागोमाग बाकीचे दातही हलायला लागले. वर्षा-दीड वर्षात तोंडाचं बोळकं झालं. कवळी बसवली, ती ते रुमालात बांधून खिशात ठेवत आणि फक्त लग्नात घालत. बाजाराचं काय झालं ते विचारायची मला हिंमत होत नव्हती.

एक दिवस आप्पा आले, बाकावर बसले आणि आपणहून सांगायला लागले. बेल्ह्याच्या बाजारात एका तरण्या हेड्यानं सगळ्यांपुढे त्यांना डिवचलं होतं: "आप्पा, जरा त्वांड उघडा की. बघू दे किती दाती."

"मग?"

"मग काय? उघडलं त्वांड. बघ म्हनलं, एक बी न्हाई. आदत हाय! समद्यात म्हागडं वासरू!" आप्पा बोळक्यानं खदखदा हसले. "आख्खा बाजार हसला, पोरी. आन् मंग त्योच हेडी बैल घिऊन आला, म्हनला आप्पा, याचं वय सांगा, माझं चुकतंया."

मला इतकं बरं वाटलं की मी चहा मागवला. तोपर्यंत आप्पा काउंटरपाशी आले होते. मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि उजव्या बाजूनं घोट घेतला. आप्पांनी मान तिरकी केली. ही नजर मी ओळखत होते; पण माझ्याकडे ती कधी वळली नव्हती.

"डावीकडनं चावत न्हाईस तू. दौंडच्या दवाखान्यातबी गाल आखडून हुभी व्हतीस. काउंटरखाली लवंगेच्या तेलाची बाटली हाय, तिचं बूच उघडं हाय, आन् कापूस तुझ्या त्वांडात हाय. त्वांड उघड."

"माझे दात ठणठणीत आहेत," मी म्हणाले. पण आवाज कापसातून आला.

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून काउंटरवर पसरलं आणि त्याखाली हात घातला. मी मदतीसाठी मागे उभ्या यजमानांकडे बघितलं. त्यांनी एकदम औषधांच्या कपाटात डोकं घातलं. आयुष्यभर मी लोकांना दाढेच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं, आणि त्या खुर्चीत बसायची भीती माझ्याइतकी कुणालाच नव्हती. मी हात घातला. दोन बोटं धरली आणि म्हटलं, "दोन आठवड्यांनी."

आप्पांनी एक बोट धरलं. "एकच दिस, आजचा. आन् संगं म्या."

माझा हात त्यांनी सोडला नाही. बाहेर दौंडची एसटी लागली होती. आप्पांनी उपरण्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आपल्या मुठीत धरलं, आणि पुढे चालू लागले.